आधी देणं फेडा, मग दान द्या

येशूला पाहायला उंबराच्या झाडावर चढलेला बुटका जकातदार जक्कय आपल्याला संडे स्कूलपासून पाठ असतो. पण त्याने येशूला दिलेला शब्द (बायबल, लूक १९:८) आपण घाईत वाचतो. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्यांचं अन्यायाने घेतलं त्यांना चौपट परत. हे दोन वेगळे हिशोब आहेत. पहिल्यावर भरपूर प्रवचनं होतात, दुसऱ्यावर क्वचित. येशूच्या मागे जायचं तर माझ्या मते सुरुवात दुसऱ्यापासूनच व्हायला हवी.

स्वतःहून कबूल करणाऱ्याला नियमशास्त्र, म्हणजे बायबलच्या जुन्या करारातला मोशेचा कायदा, फक्त मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा मागतं (गणना ५:७). चौपट ही मेंढरू चोरून कापणाऱ्याची किंवा विकणाऱ्याची शिक्षा (निर्गम २२:१). जक्कयने ती आपणहून अंगावर घेतली!

आता वही घ्या. नाव, रक्कम, साल लिहा. समजा, घरकामाच्या मावशींच्या हक्काच्या सुट्ट्यांचे खाडे धरून महिना ३०० रुपये कापले, असं ५ वर्षं. मुद्दल १८,०००, पाचवा हिस्सा ३,६००, एकूण २१,६००. जक्कयच्या मापाने ७२,०००. कोणतं माप लावायचं ते प्रार्थनेत ठरवा, पण २१,६०० च्या खाली येऊ नका. दिवाळीची साडी यातून वजा होत नाही, ती भेट होती. एकरकमी झेपत नसेल तर हप्ते पाडा आणि तारखा मावशींना आधीच सांगा.

हमखास होणारी चूक म्हणजे हे पैसे चर्चच्या दानपेटीत टाकणं. गणना ५:८ मधला क्रम स्पष्ट आहे: आधी तो माणूस, तो नसेल तर त्याचा जवळचा नातलग, तोही नसेल तरच याजक, म्हणजे पुरोहित. मंडळीचा, म्हणजे चर्चचा, नंबर तिसरा.

सगळ्यात अवघड पान बहिणीचं. मृत्युपत्र नसेल तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ख्रिस्ती मुलामुलींना समान वाटा मिळतो. तरी माहेर तुटायला नको म्हणून ताई हक्कसोडपत्रावर सही करते, आणि भाऊ दर रविवारी पहिल्या बाकावर बसतो. ‘तिने राजीखुशीने दिलं’ हे उत्तर मला पटत नाही. तिच्या वाट्याची आजच्या बाजारभावाने किंमत काढा. रोख द्या, नाहीतर तेवढी जमीन बक्षीसपत्राने तिच्या नावे करा. वकिलाची फी, मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च भावानेच भरायचा.