लँड लॉटवरचं घर

अटलांटाच्या उत्तरेला घर घेतलं, तेव्हा खरेदीखतात एक ओळ होती: 'लँड लॉट अमुक, डिस्ट्रिक्ट अमुक, सेक्शन अमुक'. हा लॉट कसला, असं वकिलाला विचारलं, तर म्हणाला, जुन्या लॉटरीतला. मला वाटलं थट्टा करतोय. पण १८३२ मध्ये जॉर्जिया राज्याने चेरोकी या मूळ अमेरिकी जमातीच्या जमिनीचे १६० एकरांचे, सोन्याच्या पट्ट्यात ४० एकरांचे तुकडे पाडले आणि चिठ्ठ्या काढून गोऱ्यांना वाटले. चेरोकी तेव्हा त्याच जमिनीवर नांदत होते.

विरोध झाला नाही असं नाही. मूळ रहिवाशांना पश्चिमेकडे हुसकावण्याचा १८३० चा कायदा अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात १०२ विरुद्ध ९७ असा कसाबसा मंजूर झाला. जॉर्जियाचे कायदे चेरोकी मुलुखात चालत नाहीत, असा निकाल १८३२ मध्येच सुप्रीम कोर्टाने दिला. राज्याने तो मानला नाही. मग डिसेंबर १८३५ मध्ये न्यू इकोटा या चेरोकींच्या राजधानीत मूठभर चेरोकींनी जमीन सोडून पश्चिमेला जाण्याच्या करारावर सह्या केल्या. निवडून आलेला प्रमुख जॉन रॉस त्यात नव्हताच. त्याने विरोधात १५,००० हून जास्त सह्यांचा अर्ज नेला. सगळी जमातच जेमतेम १६,००० ची! सिनेटने मूठभरांचा करार खरा धरला. १८३८ मध्ये फौज आली. वाटेत आणि छावण्यांत सुमारे ४,००० माणसं गेली, असं मानतात.

हे आठवलं ते गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपमुळे. एका प्रकल्पावरून वाद चालला होता. चुलतभावाने लिहिलं, "सह्या केल्या, मोबदला घेतला, आता आंदोलन कसलं?" दादा, सह्या कुणी केल्या, हे कुणी विचारलं का? आपलं आजोळ कोयनेच्या पाण्याखाली आहे. तिथले धरणग्रस्त साठ वर्षांनीही पुनर्वसनासाठी उन्हात बसतात. आई अजून 'आमचा सातबारा' म्हणते, आणि आपण हसतो.

अमेरिका आणि कोयना एका मापाने मोजायची नाही, हे मान्य. धरणाची वीज आपणही वापरली. आणि मी तरी कुठल्या तोंडाने बोलू? हप्ते फेडतोय तो लॉटरीतल्या तुकड्याचे. पण ग्रुपवर एवढंच लिहिलं: त्या सह्यांची यादी टाक. दोन निळ्या टिका आल्या. मग कुणीतरी 'शुभ सकाळ'चा गुलाब टाकला.