रविवारी कॅसलबारला जीव टांगणीला
आयर्लंडच्या गॉलवे आणि मेयो या काउंट्यांमधल्या रविवारच्या गेलिक फुटबॉल फायनलवरच्या लेखातलं ‘गॉलवेचं पारडं जड’ हे वाक्य आमच्या ऑफिसातल्या मेयोवाल्याला वाचून दाखवलं, तर पठ्ठ्या चहा अर्धा टाकून उठूनच गेला! त्याचंही बरोबर आहे म्हणा. २०२४ ची कॉनाक्ट (म्हणजे पश्चिम प्रांताची) फायनल गॉलवेने त्यांच्याकडून ०-१६ विरुद्ध ०-१५ (आधी गोल, मग पॉइंट) अशी हिसकावली, आणि तो शेवटचा पॉइंट चक्क गॉलवेच्या गोलकीपरने मारलेला. पण यंदा, २०२५ ला, मॅच कॅसलबारला, म्हणजे मेयोच्या अंगणात. शिवाय नव्या नियमाने गोलसमोर आखलेल्या ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारलं की एकाऐवजी दोन पॉइंट, त्यामुळे तीन-चारची आघाडी कधी उडेल सांगता येत नाही. मी राहतो गॉलवेत, तेव्हा सलग चौथ्या विजेतेपदासाठी गॉलवेची मरून रंगाची जर्सी घालणारच. मात्र १९५१ पासून ऑल-आयर्लंडची (देशाच्या विजेतेपदाची) वाट बघणाऱ्या मेयोच्या माणसासमोर सोमवारी साधाच शर्ट.