कॅटफिशला सडकंच लागतं म्हणे! आमिषाच्या व्हायरल मेसेजचा समाचार

ठाणे-नवी मुंबईत गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, जाणाऱ्यांच्या मोबाइलवर हा मेसेज एकदा तरी येऊन गेलेला असतो. त्याचा मथितार्थ असा: कॅटफिशला, म्हणजे मिशांच्या माशाला, सडकंच लागतं, म्हणून कोंबडीची आतडी डब्यात भरून तीन दिवस उन्हात ठेवा. वरून दोन झाकणं डिझेल घाला. हेच आमिष खाडीत, तलावात, नदीत सगळीकडे चालतं. बाजारात पैसे घालवू नका, गांडुळं नाल्याकाठी आणि निवट्या (चिखलात उड्या मारणारे छोटे मासे) खाडीच्या चिखलात फुकट मिळतात. आणि मोठा मासा हवा असेल तर मांगूरची जिवंत पिल्लं लावा.

फुकट ते पौष्टिक म्हणून लोक हे पुढे पाठवत राहतात. एकेक दावा बघू.

'जितका दर्प, तितके मासे'

कॅटफिशच्या मिशांवर, ओठांवर आणि अंगभर चव ओळखणारी केंद्रं असतात. गढूळ पाण्यात तो डोळ्यांपेक्षा त्यांच्यावर विसंबतो. इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पण माशाला कळतं ते पाण्यात विरघळलेलं. ताज्या मांसातून, रक्तातून अमिनो आम्लं झिरपतात आणि प्रवाहाबरोबर खाली वाहत जातात. त्या धारेचा माग काढत मासा येतो. मांस कुजतं तेव्हा जिवाणू हीच अमिनो आम्लं फस्त करतात आणि मागे अमोनियासारखी घाण ठेवतात. डबा उघडल्यावर आपल्याला जे भपकन येतं, ते बरंचसं हवेत उडून जाणारं असतं. ते आपल्या नाकासाठी, माशासाठी नव्हे.

मग ही कल्पना आली कुठून? अमेरिकेतून. तिकडे चॅनेल कॅटफिश या जातीसाठी चीज, रक्त, पीठ आंबवून घाणेरडं आमिष करतात आणि ते खरंच चालतं. पण तिथलेच लोक ब्लू कॅटफिशला ताज्या माशाचे तुकडे आणि फ्लॅटहेड कॅटफिशला जिवंत मासा लावतात, ते मेसेजमध्ये गळलं. ठाण्याच्या खाडीत गळाला लागतो तो शिंगाळा, खाऱ्या पाण्यातला कॅटफिश. तिकडची पाककृती त्याला लावून उपयोग नाही.

खाडीत त्याहून मोठी अडचण चिंबोऱ्यांची. मऊ पडलेलं आतडं गळ फेकतानाच निम्मं सुटतं, उरलेलं तळाशी बसलं की चिंबोऱ्या पाच-दहा मिनिटांत साफ करतात. तुम्ही तासभर रिकामा गळ सांभाळत बसता आणि घरी येऊन सांगता की आज मासाच नव्हता. खाडीचं आमिष ताजं तर हवंच, पण चिवटही हवं. या मेसेजमध्ये चिवटपणाचा एक शब्द नाही.

'कोंबडीची आतडी सर्वोत्तम'

आतडी निसरडी असतात, पोटातली घाण घेऊन येतात आणि गळावर गोळा होऊन टोक झाकतात. टोक झाकलं की मासा ओढतो, पण लागत नाही. कोंबडीवाल्याकडून घ्यायचीच तर कलेजी घ्या, तीही त्याच दिवशीची. कच्ची कलेजी गळावर टिकत नाही, म्हणून ती मिठात मुरवावी लागते. अर्धा किलो कलेजीचे तीन सेंटिमीटरचे तुकडे करा, 100 ग्रॅम खडेमीठ चोळा, चाळणीत घालून खाली भांडं ठेवा आणि रात्रभर फ्रिजमध्ये राहू द्या. सकाळपर्यंत बरंच पाणी निघून तुकडा रबरासारखा घट्ट होतो. मग छोट्या पिशव्यांत भरून फ्रीजर. लावताना शिवणाच्या दोऱ्याचे चार-पाच वेढे द्या, टोक उघडं ठेवा. हे तलावातल्या, नदीतल्या मागूर या देशी कॅटफिशला उत्तम. खाडीत त्याच्या नादी लागू नका, तिथे कोलंबीच बरी.

'एकच आमिष सगळीकडे'

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं.

खाडीत शिंगाळ्याला चार-पाच सेंटिमीटरची ताजी कोलंबी लावा. डोकं काढा, कवच राहू द्या. गळ शेपटीकडून घालून पोटाच्या बाजूने वळवा आणि टोक बाहेर काढा. अर्ध्या किलोपर्यंतच्या माशाला 1/0 मापाचा गळ पुरे. दुसरा पर्याय बांगडा. अर्धवट गोठलेला असताना कापला तर कड स्वच्छ येते. कातडीसकट बोटभर लांब पट्टी काढा आणि गळ कातडीतून दोनदा ओवा, म्हणजे चिंबोरीने मांस कुरतडलं तरी पट्टी सुटत नाही. तारली तेलकट म्हणून मासा ओढते, पण लवकर विरते. बोंबील तर घेऊच नका. त्यात पाणीच इतकं की फेकताक्षणी गळ एकीकडे, बोंबील दुसरीकडे.

नदीतला शिवडा हा शिकारी कॅटफिश. त्याला कलेजी, पीठ यांत फारसा रस नसतो. त्याच पाण्यातला बोटभर मासा, नुकताच मेलेला, दोन्ही कुशींवर एकेक चीर देऊन लावा. शिवड्याच्या दातांवर तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) घासून तुटतो, म्हणून गळाजवळचा फूटभर तुकडा जाड ठेवा. मागूर आणि छोट्या शिंगटीला (हाही गोड्या पाण्यातला कॅटफिश) गांडूळ पुरतं.

आणि कुठलंही आमिष असो, वाहत्या पाण्यात वीसेक मिनिटांनी बदला. दिसायला तसंच दिसतं, पण त्यातलं झिरपण्यासारखं बरंचसं धुऊन गेलेलं असतं.

'बाजारात पैसे घालवू नका'

दोन गळांना चार तास पाव किलो छोटी कोलंबी पुरते. बेलापूरच्या दिवाळे किंवा ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात खाडीचा माल कधी येतो ते कोळणीला विचारून ठेवा. आमिषाला हवी आहे म्हणून सांगा, वाट्यातली बारीक वेगळी काढून मिळू शकते. डोकं धडाला घट्ट चिकटलेलं, कवच चकचकीत, सांध्याशी काळेपणा नाही, एवढं बघा. सोललेली गोठवलेली पाकिटं टाळा. गोठताना बर्फाचे कण पेशी फाडतात, विरघळल्यावर कोलंबी लिबलिबीत होते. स्वतःच गोठवायची असेल तर आधी मीठ लावा आणि एकदा विरघळलेली परत फ्रीजरमध्ये टाकू नका. जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटी बंद असताना हा साठा कामाला येतो.

नेताना कोलंबी थेट बर्फात घालायची नाही. वितळलेल्या गोड्या पाण्यात ती पांढरट, बेचव होते. पिशवीत बांधून बर्फावर ठेवा.

आता फुकटचं. नाल्याकाठची गांडुळं, विशेषतः ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या बाजूची, रसायनांत वाढलेली असू शकतात. त्यांना हात लावायचं कारणच नाही. गांडूळखत करणाऱ्यांकडे लाल, पट्ट्यांची गांडुळं विकत मिळतात. ती बारीक असतात, म्हणून एका गळावर तीन-चार ओवा आणि शेपट्या वळवळत्या ठेवा. डब्याला भोकं, आत ओलसर माती, डबा सावलीत. पाणी जास्त झालं की मरतात.

निवट्यांसाठी चिखलात उतरण्याआधी मात्र थांबा. ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधली खाडी 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, कांदळवनंही संरक्षित आहेत. शिवाय भरती सुरू झाली की मांडीभर चिखलातून पाय काढेपर्यंत पाणी कमरेला येतं.

'वर डिझेल घाला'

नका घालू. पाणी नासतं, गांडुळं मरतात, आणि मासा त्याने ओढला जातो याला काही आधार नाही. तलावात वासाचंच आमिष हवं असेल तर कणकेचा गोळा करा: दोन वाट्या कणीक, एक वाटी भाजून कुटलेली सुकट, अर्धी वाटी शेंगदाण्याची पेंड. पुरीच्या पिठाहून घट्ट मळा, थोडा कापूस पिंजून त्यात घाला, बोराएवढ्या गोळ्या करून उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं सोडा. वर आल्या की काढा. कापूस विसरलात तर गळ उचलताना गोळी गळून पडेल.

'मांगूरची जिवंत पिल्लं लावा'

हा दावा नुसता चुकीचा नाही, धोक्याचा आहे. बाजारात मांगूर म्हणून मिळतो तो बहुधा आफ्रिकी वंशाचा थाई मागूर, त्याच्या पालनावर देशात बंदी आहे. हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे घाण पाण्यात तगतो आणि समोर येईल ते खातो. गळावरून एखादं सुटलं किंवा उरलेली चार पिल्लं 'मारायची कशाला' म्हणून तलावात सोडली, तर देशी मागूर आणि शिंगटी यांच्या वाट्याला काही उरत नाही. जिवंत आमिष लावायचंच असेल तर त्याच पाण्यातून पकडलेलं लावा आणि उरलेलं दुसऱ्या पाण्यात नेऊन सोडू नका. तलाव पालिकेचा असेल तर गळ टाकायला परवानगी आहे का, मासेमारीचा ठेका कोणाकडे आहे, हे आमिष विकत घेण्याआधी विचारून घ्या.