576 मेगापिक्सेलचा डोळा? जरा थांबा

परत तो मेसेज फिरायला लागलाय. "माणसाचा डोळा म्हणजे 576 मेगापिक्सेलचा कॅमेरा, मेंदू चित्र अक्षरांपेक्षा 60,000 पट वेगाने समजून घेतो, डोळ्याला सेकंदाला फक्त 24 फ्रेम दिसतात, आणि डोळ्यात चित्र उलटं पडतं ते मेंदू सरळ करतो." खाली हात जोडलेले दोन इमोजी. सकाळपासून तिघांनी पाठवला, त्यात एक काका असे आहेत की त्यांना तोंडावर चूक म्हणायची सोय नाही, म्हणून इथेच लिहून टाकतो.

आधी 576 चं बघू, कारण हा आकडा हवेतून आलेला नाही आणि म्हणूनच जास्त फसवतो. रॉजर क्लार्क नावाच्या शास्त्रज्ञाने एक हिशोब मांडला होता. समोरचं 120 अंश बाय 120 अंशाचं दृश्य घ्या, एका अंशाचे 60 भाग केले तर त्यातल्या 0.3 भागाला एक पिक्सेल धरा, म्हणजे एका बाजूला 24,000 पिक्सेल झाले आणि 24,000 गुणिले 24,000 म्हणजे 57.6 कोटी, म्हणजेच 576 मेगापिक्सेल. गणित बरोबर आहे. पण हा हिशोब कशाचा, तर नजर सगळीकडे फिरवून फिरवून जेवढा बारकावा टिपता येईल तेवढा एकाच फोटोत बसवायचा तर किती पिक्सेल लागतील याचा. फॉरवर्डवाल्यांनी "लागतील" चं "आहेत" करून टाकलं, बास.

आता आत खरंच काय आहे ते बघा. रंग आणि बारकावा बघणाऱ्या शंकूपेशी एका डोळ्यात साधारण 60 लाख. दंडपेशी 12 कोटींच्या आसपास, पण त्या अंधुक उजेडाच्या कामाच्या, भर दिवसा त्या जवळपास सुट्टीवरच असतात. आणि मेंदूकडे जाणाऱ्या नसेत धागे किती, तर 10 लाखांच्या थोडे वर. म्हणजे कोट्यवधी पेशींचा माल एवढ्याशा धाग्यांतून जायचा, तर छाटणी रेटिनातच, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यातच होते. कडा कुठे आहे, उजेड कुठे बदलला, काय हललं, हे पुढे जातं, एकसारखी पांढरी भिंत असेल तर तिच्याबद्दल फारसं काही कळवायचंच नसतं. अशाला कॅमेरा म्हणत नाहीत हो.

शिवाय तीक्ष्ण दिसणारा भाग किती? हात लांब करून अंगठा धरा, त्याच्या नखाएवढा. खोटं वाटत असेल तर याच ओळीतल्या कुठल्याही एका शब्दावर नजर रोखून ठेवा आणि डोळे न हलवता त्याच्या पुढचा पाचवा शब्द वाचून दाखवा. नुसता काळा गिचमिडा दिसेल. आपल्याला सगळं स्वच्छ दिसतंय असं वाटतं कारण डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारतो आणि जिथे शंका येते तिथे लगेच नजर जाते, त्यामुळे चोरी पकडली जात नाही.

आणि भोकाचं तर कुणी बोलतच नाही! नस जिथून डोळ्याबाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहीत. दोन्ही हात लांब करा, अंगठे शेजारी शेजारी धरा, डावा डोळा मिटा, उजव्या डोळ्याने डाव्या अंगठ्याकडे बघत राहा (नजर हलली की खेळ संपला) आणि उजवा अंगठा हळूहळू उजवीकडे सरकवा. वीतभराच्या थोडं अलीकडेच त्याचं टोक गायब होतं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा चार वेळा परत करून बघितलं. गंमत म्हणजे तिथे काळा ठिपका दिसत नाही, मागची भिंतच दिसते, मेंदूने आजूबाजूचं बघून भरून काढलेली. 576 मेगापिक्सेलवाल्या कॅमेऱ्याने असं केलं असतं तर आपण दुकानात परत देऊन आलो असतो.

60,000 पट वाल्या वाक्यामागचा अभ्यास आजवर कुणी दाखवलेला नाही, याने त्याचं नाव सांगायचं आणि त्याने तिसऱ्याचं. आणि मुळात तुलनाच गंडलेली आहे, कारण अक्षरं पण डोळ्यांनीच बघतो ना आपण? चित्र झटकन ओळखता येतं हे खरंय, 2014 च्या एका प्रयोगात फक्त 13 मिलिसेकंद दाखवलेली चित्रंसुद्धा लोकांनी निव्वळ अंदाजापेक्षा जास्त वेळा बरोबर ओळखली होती. पण "उद्या येऊ नकोस, परवा ये" याचं चित्र काढून दाखवा, मग वेगाचं बोलू.

24 फ्रेम हा सिनेमाचा आकडा, डोळ्याचा नाही. रिळाच्या प्रोजेक्टरमध्ये प्रत्येक फ्रेम दोन-तीनदा चमकवायचे, कारण 24 वर लुकलुक स्पष्ट जाणवते. डोळ्यात फ्रेमच नसतात.

उलट्या चित्राचा मुद्दा अर्धा खरा. रेटिनावर प्रतिमा उलटी पडते, हे खगोलशास्त्रज्ञ केप्लरने 1604 मध्येच मांडलं होतं. पण मेंदूत कुणी छोटा माणूस पडद्यासमोर बसलेला नाही की ज्याच्यासाठी ती सरळ करावी लागेल. कुठल्या पेशीतून खबर आली म्हणजे हात वर न्यायचा, एवढं जुळलं की झालं. 1890 च्या दशकात मानसशास्त्रज्ञ जॉर्ज स्ट्रॅटन यांनी सगळं उलटं दाखवणारी भिंगं दिवसच्या दिवस लावली, आधी हात भलतीकडेच जायचे, मग हळूहळू वावरणं जमायला लागलं.

काकांसाठी शेवटचा एक प्रयोग. आरशात आपल्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्या, परत डाव्या. डोळे हलताना दिसणारच नाहीत, शेजारच्याला मात्र स्वच्छ दिसतील, कारण उडी मारताना मेंदू मधलं दृश्य दाबून टाकतो. आता हेच फोनचा सेल्फी कॅमेरा लावून करा. फोनला चित्र दाखवायला किंचित उशीर होतो, त्यामुळे तोपर्यंत तुमची उडी संपलेली असते आणि डोळे हललेले चक्क दिसतात.