शेंडा शिनोळीकडं

गावात सध्या बातमी अशी आहे की दूध संस्थेचं इंटरनेट आप्पांनी जोडून दिलं. परवाच्या मीटिंगमध्ये चेअरमननी त्यांचे आभार मानले, नारळ दिला. मी शेजारीच बसलो होतो. प्रोसिडिंग मीच लिहितो, त्यामुळं ‘आप्पांच्या मोलाच्या सहकार्याने इंटरनेट सुरू झाले’ हे वाक्यही माझ्याच अक्षरात आहे. ‘मोलाच्या’ हा शब्द चेअरमननी मागाहून घालायला लावला.

आता खरं काय झालं ते सांगतो.

आमचं गाव बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याला लागून. उचगाव, तुरमुरी, बाची करत पुढं गेलं की शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. संस्थेचा लॅपटॉप जुना, त्यात विंडोज १०. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ घालायचं तर टीपीएम २.० नावाची चिप पाहिजे, ती या लॅपटॉपात नाही. नवीन घेऊया म्हटल्यावर चेअरमननी माझ्याकडं असं बघितलं की मी दुधात पाणी घालूया म्हणालोय. मग पुण्याचा भाचा सुट्टीला आला होता, त्यानं एका रात्रीत विंडोजच्या जागी लिनक्स नावाची दुसरी सिस्टीम घालून दिली. त्यातलं डेबियन. “मामा, एकदम हलकं केलंय, जास्तीचं काही ठेवलं नाही,” म्हणाला आणि सकाळच्या गाडीनं पुण्याला गेला. जास्तीचं म्हणून त्यानं काय काय ठेवलं नव्हतं, ते डोंगल लावल्यावर कळलं.

डोंगल, म्हणजे सिम घालून लॅपटॉपला नेट देणारी बोटाएवढी वस्तू. नवं, फोर-जी, बेळगावातून आणलेलं. ते लॅपटॉपला लावलं तर स्क्रीनवर सीडीचं चित्र आलं. उघडलं तर आत विंडोजचं सेटअप. ते लिनक्सवर चालत नाही.

भाच्याला फोन केला. त्यानं सांगितलं ते असं: या डोंगलांच्या पोटात विंडोजसाठीचं सॉफ्टवेअर भरलेलं असतं, म्हणून लावल्या लावल्या ते आपण सीडी आहोत असंच सांगतं. ते सॉफ्टवेअर एकदा बसलं, त्यानं आतून हुकूम सोडला, की मग सीडीचं सोंग टाकून मोडेम होतं. पाव्हणा म्हणून येऊन जेवण उरकल्यावर बॅगेतून विम्याचे फॉर्म काढणारा माणूस असतो, त्यातलाच प्रकार. लिनक्सवर हा हुकूम सोडायला ‘यूएसबी-मोडस्विच’ नावाची वेगळी वस्तू असते. बऱ्याच लिनक्समध्ये ती आधीपासून असते. आमचं हलकं केलेलं.

“मग ती घालूया की,” मी म्हटलं.

“घालूया. फक्त नेट लागेल.”

मी थोडा वेळ काही बोललो नाही.

तर दुसरा उपाय निघाला. सीडी आहे म्हणतोय ना, मग सीडी बाहेर काढायचा हुकूम द्यायचा. पुष्कळ डोंगलं तेवढ्यावरही सोंग सोडतात. हुकूम एका ओळीचा. पण माझ्या फोनला ऑफिसात रेंज नाही; रेंज बाहेर कट्ट्याच्या टोकाला, विजेच्या खांबापाशी. लॅपटॉपची बॅटरी मेलेली, त्यामुळं तो भिंतीतल्या प्लगला बांधलेला. एक्स्टेन्शन बोर्ड होता, तो फॅट मशीनला, आणि वेळ संध्याकाळच्या दुधाची. किटल्या घेऊन माणसं रांगेत उभी. म्हणजे भाचा पुण्यात, फोन कट्ट्यावर आणि मी आत. मधल्या जागेत कुणीतरी पाहिजे होतं.

आप्पा तिथं होतेच. आप्पा टेलिफोनचे लाइनमन म्हणून रिटायर झालेत. रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसून कुणाच्या दुधाला किती फॅट लागलं ते ऐकतात आणि त्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्यावर मत देतात.

“काय करूलालास रे सेक्रेटरी?”

“नेट जोडूलालोय.”

“ही तर सीडी दिसूलालीय की.”

“डोंगल आहे ते आप्पा. ते स्वतःला सीडी समजतंय.”

“मग लाव की. गाणी काय हाईत बघूया.”

रांगेतली माणसं हसली. तिथंच मी फोन काढून घेऊन घरी जायला पाहिजे होतं. पण ऑडिटरला आकडे पाठवायचे होते, आणि एव्हाना फोन आप्पांच्या कानाला लागला होता. आयुष्यभर खांबावर चढून ‘हॅलो, हॅलो, येतंय काय?’ केलेला माणूस. त्यांचा आवाजच बदलला.

“हॅलो पुणे! बोला. हां. सेक्रेटरी, सोडा म्हणतोय.”

“काय सोडू?”

“काय सोडू विचारतोय. हां. सोडा नव्हं, सुडो. सु-डो. लिही. आता मोकळी जागा. आता इजेक्ट. आता तिरकी रेघ.”

“कुठल्या बाजूला तिरकी?”

आप्पांनी हा प्रश्न पुण्याला विचारला नाही, मनातल्या मनात सोडवायला घेतला. तिरक्या रेघा कीबोर्डवर दोन असतात, एकमेकींच्या विरुद्ध कललेल्या, आणि लिनक्सला त्यातली एकच चालते. शेवटी त्यांनी विचारलं, उत्तर ऐकलं आणि दारात उभं राहून हातानं दाखवलं.

“वरचा शेंडा उजवीकडं.”

ते माझ्याकडं तोंड करून उभे. त्यांची उजवी ती माझी डावी. हातानं दाखवलं तसं मी लिहिलं. लॅपटॉप म्हणाला, असलं कुठलं उपकरण इथं नाही.

“नाही म्हणतोय आप्पा.”

“नाही कसं म्हणतोय? शेंडा कुठं केलास?”

“तुम्ही दाखवला तिकडं.”

“मी शिनोळीकडं दाखवला. तू बेळगावकडं केलास.”

इथं रांगेनं भाग घेतला. एक म्हणाला, तिरकी रेघ म्हणजे शिनोळीकडंच. दुसऱ्याचा पोरगा बेळगावात कॉलेजला आहे, त्याच्या जोरावर तो म्हणाला की बेळगावकडं असणार. फॅट मशीनवरचा पोरगा आकडा बोलायचा थांबला, तर एक बाई ओरडली, “माझं दूध नासूलालंय रे!” शेवटी मी दोन्ही करून बघितलं. शेंडा शिनोळीकडंच निघाला. आप्पा काही बोलले नाहीत, नुसते रांगेकडं बघून आले.

पासवर्ड तर या सगळ्याच्या आधीच झाला होता. या लिनक्समध्ये सुडो, म्हणजे मालकाच्या हक्कानं हुकूम, म्हटलं की पासवर्ड मागतात, आणि तो लिहिताना पडद्यावर काही म्हणजे काही उमटत नाही. ठिपका नाही, चांदणी नाही. असं का, म्हणून विचारलं तर भाचा म्हणे सुरक्षेसाठी. मागं उभं राहून अक्षरंसुद्धा मोजता येऊ नयेत. फार छान. पासवर्ड भाच्यानं ठेवलेला, तो मला माहीत नव्हता. आप्पांनी विचारून घेतला आणि बाजारात भाव सांगावा तसा सांगितला.

“म्हशीचं नाव म्हणतोय! चंद्री! पुढं एक-दोन-तीन!”

रांगेतून कुणीतरी विचारलं, “कुठली चंद्री? वरल्या गल्लीतली?” पडद्यावर एक ठिपका दिसत नाही म्हणून मी सुरक्षित होतो, आणि आता तुरमुरीपर्यंत सगळ्यांना संस्थेचा पासवर्ड माहीत आहे.

हुकुमाच्या शेवटी ‘एसआर’ आणि एक आकडा यायचा होता. लॅपटॉपची स्वतःची डीव्हीडीची खाच असेल तर ती शून्य, डोंगलची सीडी एक. भाचा हेच सांगत असताना रेंज गेली. “शून्य,” आप्पा म्हणाले.

“असं तो म्हणाला?”

“तो काय म्हणाला ते गेलं वाऱ्यावर. मोजायला सुरुवात शून्यापासनं होते. शून्य दे.”

मी शून्य दिलं. लॅपटॉपच्या कुशीतून खर्रकन ट्रे बाहेर आला आणि दुधाच्या रजिस्टरला धडकला. ट्रेमध्ये एक डीव्हीडी. वर निळ्या पेनानं लिहिलेलं: ‘शुभविवाह’, खाली आप्पांच्या मुलाचं आणि सुनेचं नाव.

ही डीव्हीडी आप्पा त्या लग्नापासून शोधत होते. तिच्यापायी फोटोग्राफरशी त्यांचं भांडण झालं होतं. व्याह्यांशी बोलणं तुटलं होतं. हा लॅपटॉप माझ्याआधी जुन्या सेक्रेटरीकडं होता, त्यांनीच कधीतरी त्यात ती घातली असणार, आणि ते आता मुलाकडं गोव्याला राहतात. मी एवढी वर्षं त्या खाचेला हात लावला नव्हता. हे सगळं मी आप्पांना सांगितलं. आप्पांनी डीव्हीडी धोतराच्या सोग्याला पुसली आणि एवढंच म्हणाले, “असू दे. मिळाली ना.”

हे ‘असू दे’ मला अजून लागतंय. क्षमा केल्यासारखं म्हणाले. रांगेतल्या प्रत्येकानं ऐकलं.

रेंज आल्यावर एक घातला. सीडीचं चित्र गेलं. काही क्षण काहीच नाही. मग कोपऱ्यात सूचना आली: ‘वायर्ड कनेक्शन’. ही डोंगलं मोडेम झाली की लिनक्सला नेटवर्क कार्डासारखी दिसतात, ड्रायव्हर शोधावा लागत नाही. आप्पांना मात्र त्यात दुसरंच दिसलं.

“वायर्ड? म्हणजे वायर?”

“हो, पण तशी नाही...”

“सगळी म्हणूलालेत वायरचा जमाना गेला. बघा, काय लिहिलंय ते.” आणि रांगेतल्या एकेकाला आत बोलावून पडदा दाखवला. त्यांचं म्हणणं असं की हे काम वायरीनंच झालं, आणि वायरीचं काम म्हणजे लाइनमनचं काम. नारळाचा उगम हा.

प्रत्यक्षात काम झालंच नव्हतं. डोंगल जोडलं गेलं, पण पान उघडेना. ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ टाकलं की डोंगलचं स्वतःचं पान उघडतं, तिथं बघितलं तर रोमिंग. सिम कर्नाटकाचं, पण खिडकीतून डोंगलनं धरला होता पलीकडचा टॉवर. टेलिकॉमवाल्यांच्या नकाशात कर्नाटक एक सर्कल, महाराष्ट्र दुसरं, आणि गोवा महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांच्या रेघा ओढल्या तेव्हापासून आम्ही कुठले याचा वाद चालू आहे. सुप्रीम कोर्टात महाराष्ट्राचा दावा २००४ पासून पडून आहे. आणि बोटाएवढ्या डोंगलनं उभ्या उभ्या निकाल दिला: गाव महाराष्ट्रात.

आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. “याला कळतंय बघ,” म्हणाले.

कळत होतं म्हणूनच नेट बंद होतं. पलीकडं गेलेल्या सिमला रोमिंग चालू केल्याशिवाय डेटा द्यायचा नाही, असं डोंगलमध्ये आधीच ठरवून ठेवलेलं. कस्टमर केअरला लावलं तर ‘कन्नडक्कागि ओंदन्नु ओत्ति’. पुढं इंग्रजी, पुढं हिंदी, मराठीला आकडाच नाही. कन्नडशी माझं भांडण नाही. बाजारात मी रोज बोलतो, डेअरीचा डॉक्टर तर धारवाडकडचा, त्याच्याशी मराठीत बोललो तर म्हशीचंच नुकसान. पण उतारा कन्नडमध्ये, नोटीस कन्नडमध्ये, आणि आता माझ्याच पैशाच्या डोंगलची तक्रारही मी दुसऱ्याच्या भाषेत करायची. टॉवरला मी मराठी गावातला वाटतो, कंपनीला वाटत नाही. याच्यावर विनोद करायला मी बसलो खरा, पण तो होईना.

असो. सेटिंगमध्ये ‘डेटा रोमिंग’चं बटण सापडलं, दाबलं, नेट सुरू झालं. हे बटण दाबलं तेव्हा आप्पा कट्ट्यावर डीव्हीडी दाखवत होते, याची नोंद प्रोसिडिंगमध्ये नाही.

ऑडिटरला महिन्याचे आकडे मेल केले. उत्तर लगेच आलं, एवढं लगेच की मला बरं वाटलं. ‘मेल मिळाला. सही-शिक्क्यासह छापील प्रत समक्ष आणून द्यावी.’

कर्नाटकाच्या साध्या बसमध्ये बायकांना २०२३ पासून तिकीट नाही, मला आहे. म्हणून कागद बायकोजवळ दिले आणि बेळगावात कुठल्या गल्लीत, कितव्या मजल्यावर जायचं ते समजावून सांगितलं. तिनं कागद पिशवीत घातले, चपला घातल्या आणि म्हणाली, “एवढंच होतं तर काल सांगायचं की. काल मी भाजीला बेळगावलाच गेलेते.”