पाटे वाढवून पासिंग वाढत नाही

"पिकअपला मागं दोन पाटे जादा टाका, मग बिनधास्त भरा" हा पिकअप गाडीवरच्या एका लेखातला सल्ला धोक्याचा आहे. पाटे म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या. त्यांच्यामुळं गाडी मागं बसायची थांबते, एवढंच. ब्रेक, एक्सल, चासी, टायर कंपनीनं दिलेत तेवढ्याच ताकदीचे राहतात. आमची गाडी कोल्हापूरहून भाजी घेऊन गगनबावड्यातनं करूळ घाट उतरते. जादा भरलेल्या गाडीच्या ब्रेक लायनरचा जळका वास मागच्या गाडीपर्यंत येतो, ब्रेक पेडल स्पंजासारखं दबतं. तिथं पाटे काय करणार? आरसीवरचं मंजूर वजन, म्हणजे पासिंग, तर तेच राहतं, आणि ओव्हरलोडला २०१९ पासून २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,०००.

हौद्याचं, म्हणजे मागं माल भरायच्या भागाचं, तर लेखात नावच नाही. ३ मिलिमीटरचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरतो. ९ बाय साडेपाच फुटांच्या हौद्यात नुसता तळाला टाकला तरी शंभर किलोच्या वर. त्यात उंच जाळी, कॅरिअर, जाड बंपर. हे सगळं तुमच्या भाड्याच्या मालातनंच वजा होतं. शिरोलीच्या कारखान्यांत कास्टिंग (ओतीव लोखंडी माल) भरणाऱ्याला जाड तळ लागतोच. भाजी, दूधवाल्यानं तो पैसा चांगल्या टायरवर घालावा. आणि रोजचाच माल जास्त असेल तर सरळ जादा पासिंगची गाडी घ्या.