काकांचा माणूस

आमच्या काकांचा प्रत्येक कचेरीत 'आपला माणूस' असतो. तहसीलमध्ये असतो, एसटीच्या आरक्षणाला असतो, वीज कार्यालयात तर दोन असतात, कारण एक कायम रजेवर असतो. जिल्हा परिषदेत हयात घालवून निवृत्त झाल्यावर त्यांनी फंड, ग्रॅच्युइटी मुलांत वाटून टाकली. ओळखी तेवढ्या स्वतःच्या नावावर ठेवल्या. त्यामुळे अँजिओग्राफीत ब्लॉकेज निघालं आणि डॉक्टरांनी स्टेंट सांगितला, तेव्हा काकांचा हात छातीकडे न जाता खिशातल्या डायरीकडे गेला.

"काका, महात्मा फुले आरोग्य योजनेत बसतंय हे," मी म्हणालो.

"तिथं कोण आहे आपलं?"

तिथं आपलं कुणी नाही आणि असूही शकत नाही, हे त्यांना पटवण्यापेक्षा स्टेंट बसवणं सोपं होतं. २०१२ च्या जुलैत ही योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा राजीव गांधींच्या नावाने होती. २०१७ मध्ये नाव बदललं, २०२० मध्ये ती आयुष्मान भारतशी जोडली गेली, आणि १ जुलै २०२४ पासून आमच्यासारखे पांढऱ्या रेशनकार्डवालेही आत आले. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत. मंजुरी मात्र रुग्णालयात मिळत नाही. रुग्णालय नुसते कागद चढवतं. ते तपासणारा डॉक्टर कुठंतरी लांब बसतो आणि त्याला पेशंट दिसतो तो फक्त स्क्रीनवर.

"योजना चालवणाऱ्या राज्य आरोग्य हमी सोसायटीचं ऑफिस मुंबईला, वरळीत," मी चुकून बोलून गेलो. काका उठून बसले. "वरळी? अरे, वरळीला आपला माणूस आहे!" फोन लागला. माणूस होता वरळीचाच, पण दूध डेअरीतून निवृत्त झालेला. तरीही दोघं बराच वेळ बोलले.

आमचं पांढरं रेशनकार्ड घरात फक्त पत्त्याचा पुरावा म्हणून नांदत होतं. त्यावर कधी दाणा आला नव्हता. आता कळलं की ते ऑनलाइन हवं, बारा अंकी नंबरासकट. ज्या रेशन दुकानाकडे काकांनी जन्मभर नाक मुरडलं, त्याच्या दुकानदाराला त्या दिवशी त्यांनी 'भाऊ' म्हटलं. पुरवठा शाखेत काकांचा माणूस खरोखर होता. त्याने चहा पाजला, घरची चौकशी केली आणि म्हणाला, "साहेब, हल्ली सगळं सिस्टीम करते." चहा पाजण्याचे अधिकार अजून स्थानिक पातळीवर आहेत.

मग ई-केवायसी, म्हणजे मशीनकडून ओळख पटवणं. काकांच्या बोटांचे ठसे फायली उलटून उलटून झिजलेले. मशीन ओळख देईना. मग चेहरा दाखवायचा ठरला. आरोग्यमित्र म्हणून बसलेली मुलगी गोड होती. "काका, मोबाइलकडे बघून डोळे मिचकवा."

"काय करू?"

"मिचकवा. उघडझाप."

"इतकी वर्षं नोकरी केली ताई, माझ्यावर असला आरोप कधी झाला नाही."

शेवटी कॅमेऱ्यासमोर माशी आली आणि काम झालं.

अर्ज गेला आणि परत 'क्वेरी' आली. पेशंटचा फोटो कॉटवर झोपलेला हवा होता. काकांनी भांग पाडून, खुर्चीत बसून, मागे गणपतीचं कॅलेंडर घेऊन काढवला होता. "झोपलेला फोटो सरकारदरबारी जाणार?" ते हबकले. झोपले, पण इस्त्रीचा शर्ट चढवूनच.

पुढचे दिवस 'पेंडिंग'. काका दर तासाला विचारत, "कुणाकडे अडलंय?" ती मुलगी सांगायची, "काका, कुणाकडे ते आम्हालाही दिसत नाही." अडवणारा माणूस न दिसणं काकांना ब्लॉकेजपेक्षा जास्त लागलं. पूर्वी निदान कळायचं की अमक्याच्या टेबलावर आहे, तो जेवायला गेलाय, त्याची बदली होणार आहे. आता रागवायचं कुणावर? खरं सांगायचं तर याने मला आतून बरं वाटत होतं; पण त्यांच्या डायरीत माझंही नाव आहे आणि मला त्या ओळखींचा बराच उपयोग झालेला आहे.

शेजारच्या कॉटवरच्या आजींची मंजुरी आमच्या आधी आली. काका हळूच म्हणाले, "आजी, वर ओळख कुणाची?"

"कुनाची न्हाई बाबा."

काका माझ्याकडे वळले. "सांगत नाहीत बघ."

आमची आली रात्री, सगळे झोपल्यावर. सकाळी स्टेंट बसला, खर्च योजनेतून गेला आणि घरी आल्याबरोबर काकांनी पेढ्यांची ऑर्डर दिली. मंजुरी देणाऱ्याला नेऊन द्यायचे होते. नाव कळेना, म्हणून त्यांनी हेल्पलाइनला फोन लावला.

"पेढे पाठवायचे आहेत. कुणाच्या नावाने पाठवू?"

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. "सर, तक्रार कोणत्या प्रकारात नोंदवू?"